शिंगटे सरांची तुटक रेघ

शिंगटे काकूंचा फोन आला तेव्हा मी कोअर शेडमध्ये उभी होते, हातात पाण्याची बाटली आणि समोर बोअरमधून निघालेल्या दगडाच्या सहा पेट्या मांडलेल्या. सकाळचे दहा वाजले असतील. काकू इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. "राजेश्वरी, सर गेले गं," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. त्या दुसऱ्या माणसाने काय सांगितलं ते मला आठवत नाही. फोन ठेवून मी काय केलं असेल, तर समोरची पेटी वाचून पुरी केली, शेवटच्या मीटरपर्यंत. एकदा हातात घेतलेली पेटी अर्धी वाचून उठायचं नाही, हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच बातमीने पेटी अर्धी सोडायची, हे काही मला जमेना. मग रायचूरला येऊन मिळेल ती गाडी धरली. कृष्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा कुठे रडू आलं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं रडू स्वतःवरच्या रागाचं होतं. अकराच दिवसांपूर्वी मी सरांच्या समोर बसले होते, आणि एक गोष्ट त्यांना सांगायची सोडून तशीच परत आले होते. आता सांगायला माणूसच राहिला नव्हता... जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. दारात फक्त चपला होत्या.

हरिदास शिंगटे हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. सर भूवैज्ञानिक होते, करकंबच्या शेतकरी घरातले. सोनं शोधणाऱ्या एका कंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. हे ऐकलं की लोकांचे डोळे चमकायचे आणि नजर आपोआप काकूंच्या गळ्याकडे जायची. काकूंच्या गळ्यात काळी पोत आणि दोन वाट्या, बस. घरातही कुठे एखादा दगड शोभेला ठेवलेला नव्हता. कंपनीचा दगड कंपनीच्या पेटीत, असा त्यांचा हिशेब. आपल्या सोलापुरात सगळा काळा दगड, त्यात सोनं कुठलं? त्यासाठी जावं लागायचं रायचूरच्या पलीकडे, जिथले दगड आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जुने आहेत. सर महिन्यातले वीस-बावीस दिवस तिकडे कॅम्पवर असायचे. जाताना पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, येताना धुवायचे कपडे.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा माझ्याजवळ एमएस्सीची पदवी होती आणि भरपूर घमेंड होती. मी सोलापूरचीच. आमच्या घरात कन्नड बोलतात, दुकानात मराठी. त्यामुळे कॅम्पवरच्या माणसांशी माझं लगेच जमलं. सरांचं कन्नड मात्र इतक्या वर्षांनंतरही दोन शब्दांचंच होतं : नीरू हाकू. म्हणजे पाणी टाक. जमिनीत तिरका बोअर मारला की आतून लाटण्याएवढ्या जाडीची दगडाची लांब कांडी निघते, तिला कोअर म्हणतात. ती तुकड्यातुकड्याने पेट्यांत मांडायची, आणि भूवैज्ञानिकाने पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत ती वाचायची. वाळलेला दगड सगळा सारखाच करडा दिसतो. त्यावर पाणी मारलं की त्याचा रंग उघडतो, दाणा दिसतो, पांढऱ्या गारगोटीची शीर दिसते. म्हणून सरांचं आपलं दर पेटीला "नीरू हाकू". कन्नडमध्ये मोठ्या माणसाला 'हाकी' म्हणायचं असतं, हे मी त्यांना दहादा सांगितलं. एकदा कंपनीचे डायरेक्टर कौतुकाने बाटली हातात घेऊन उभे राहिले, तर सरांनी मान वर न करता त्यांनाही तेच सुनावलं. डायरेक्टरांनी बिचाऱ्यांनी मुकाट पाणी मारलं.

सरांची एक सवय कॅम्पवर सगळ्यांना पाठ होती. दगडात काही दिसलं तर ते तोंडातून अक्षर काढायचे नाहीत. चेहराही हलायचा नाही. फक्त त्याच जागेवर परत एकदा "नीरू हाकू" म्हणायचे. नुसत्या दगडावर पाणी एकदा, काहीतरी असलेल्या दगडावर दोनदा. बाटलीवाल्या माणसांना हे बरोबर कळायचं, आणि दुसऱ्यांदा पाणी पडलं की शेडभर कुजबुज सुरू व्हायची. मी नवी असताना एका तुकड्यात पिवळं चमकताना बघून "सर, सोनं" म्हणून धावत गेले होते. सरांनी तो तुकडा निवांत बघितला. "चमकतंय ते सोनं न्हाय, बाईसाहेब. आन् सोनं असलं तरी सोनं म्हणायचं न्हाय. रिपोर्ट आल्याबगर दगडाचं नाव कुणापुढं काढायचं न्हाय, माझ्याबी पुढं न्हाय." बाईसाहेब म्हणाले की समजायचं, आपलं चुकलंय. त्यांचं कारण साधं होतं. एकदा तोंडातून शब्द गेला की माणूस पुढचा दगड त्या शब्दाच्या चष्म्यातून बघायला लागतो. प्रयोगशाळेचा लखोटा आधी आला तरी ते तो टेबलाच्या खणात ठेवायचे आणि आपली वही पुरी झाल्याशिवाय फोडायचे नाहीत. आम्हाला हे सगळं फार जुनाट वाटायचं, आणि मागून आम्ही त्यांची नक्कलही करायचो.

वहीवरून आठवलं. करकंबला त्यांच्या थोरल्या भावाला, अण्णांना, शेतात बोअर घ्यायचा होता. भाऊ जमिनीतलं सोनं सांगतो म्हटल्यावर पाणी सांगणं म्हणजे त्याला काय अवघड, असा अण्णांचा समज. मला पाण्यातलं काही कळत नाही, असं सर परोपरीने सांगत होते. पण थोरल्या भावापुढे किती ताणणार? शेवटी एका जागेवर त्यांनी काठी रोवली. चारशे फूट खाली गेलं तरी नुसती धूळ. बाकीचे कपाळाला हात लावून बसलेले, आणि सर मात्र पोतं अंथरून दर दहा फुटांचा चुरा त्यावर ओळीने मांडत, वहीत नोंद करत बसलेले. मुरूम इतका, काळा दगड इतका, तांबडी माती इतकी. तो प्रसंग अण्णा पुढे प्रत्येक लग्नकार्यात रंगवून सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पाणी न्हाय लागलं, पर वही लई झ्याक झाली." सरही त्यात हसायचे, आणि ती वही त्यांनी खरोखरच जपून ठेवली होती.

आता माझ्या चुकीबद्दल. ती टाळून सरांविषयी लिहिता येणार नाही. कोअर बाहेर काढताना स्वतःभोवती गोल फिरते. त्यामुळे जमिनीत असताना तिची खालची बाजू कुठली होती, ते कळावं म्हणून ड्रिलवाले तिच्या टोकावर एक खूण करतात. त्या खुणेवरून आम्ही कोअरच्या अंगावर लांब रेघ ओढतो आणि गारगोटीची शीर कुठल्या बाजूला कलली आहे ते त्या रेघेवरून मोजतो. माझ्या तिसऱ्या वर्षी ड्रिलचा ठेकेदार बदलला. नव्या लोकांचं यंत्र खूण खालच्या बाजूला न करता वरच्या बाजूला करत होतं. त्यांनी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहूनही दिलं होतं. पहिलं पान कोण वाचतं... मी वाचलं नाही. दोन बोअरच्या कोअरवर मी उलट्या बाजूला रेघ ओढली, आणि पश्चिमेकडे कललेली शीर कागदावर पूर्वेकडे कलली. त्या कागदावर विसंबून पुढचे तीन बोअर चुकीच्या बाजूने मारले गेले. तिन्ही कोरे. आत दगडाशिवाय काही नाही. वरच्या लोकांचा धीर आधीच सुटत चालला होता, तो आता पार सुटला.

सरांचा मात्र त्या कागदावर विश्वास बसेना. त्यांनी जुन्या पेट्या एकेक करून उन्हात काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. पंधरा-सोळा दिवस तेच. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. शिरेबरोबर बाजूचा सगळा दगडसुद्धा त्याच दोन बोअरमध्ये उलटा कललेला दिसत होता. सगळी टेकडी दोनच बोअरपुरती कशी फिरली, हा त्यांचा प्रश्न. "राजेश्वरी, ही रेघ कुणी वढली?" मी म्हटलं, मी. ते आत जाऊन रजिस्टर घेऊन आले आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी ते पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. मी वहीतली ती पानं फाडून नवी लिहिते म्हणाले, तर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "फाडायचं न्हाय. खोडायचंबी न्हाय. एक रेघ मार, खालचं वाचता आलं पायजे. शेजारी बरोबर काय ते लिही आन् सही कर." मी रडत रडत सही केली. मग त्यांनी वही आपल्याकडे ओढली. प्रत्येक पानाखाली 'तपासले' म्हणून त्यांची सही होती. तिच्यावर त्यांनी तशीच एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, पेटी न बघता सही केली. पुढच्या बैठकीत दोन्ही गोष्टी त्यांनी त्याच क्रमाने सांगितल्या. आधी माझी चूक, मग त्यांची. मला वाचवायचं म्हणून माझं नाव झाकलं नाही, याचा मला तेव्हा फार राग आला होता. वर्षभर तरी मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. ते मात्र घरून आलेल्या चटणीतला माझा वाटा वेगळा काढून ठेवत होते.

कॅम्प बंद करायचा हुकूम आला त्याच्या आधी सरांनी त्या शिरेचा आडवा छेद, म्हणजे जमीन कापून आत बघितल्यासारखं चित्र, नव्याने काढला. हाताने, पेन्सिलीने, लांबलचक कागदावर. आमच्या कामातली रीत अशी की जे बोअरमध्ये प्रत्यक्ष दिसलं ते अखंड रेघेने काढायचं आणि ज्याचा अंदाज आहे ते तुटक रेघेने. सरांची अखंड रेघ एकशे चाळीस मीटरपर्यंत खाली गेली होती. तिथून पुढे तुटक, पश्चिमेला कलत कलत, जवळजवळ तेवढीच आणखी खोल. आणि टोकाला एक छोटं प्रश्नचिन्ह. त्या तुटक रेघेवर एकच बोअर मारू द्या, म्हणून त्यांनी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तीन कोरे बोअर पाहून बसलेल्या माणसांना चौथा कोण मारू देणार? ते तीन कोरे माझे होते. सरांनी हे मला एकदाही ऐकवलं नाही, म्हणून ते जास्त लागायचं. कॅम्प आवरताना कागदी नकाशे रद्दीत निघाले, कारण सगळं संगणकावर गेलं होतं. सरांनी तो एक कागद मागून घेतला, रीतसर परवानगीचं पत्र घेऊन. ते पत्र त्यांनी कागदाच्या पाठीमागे डिंकाने चिकटवलं, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. कोण विचारणार होतं, देव जाणे.

त्यानंतर सर सोलापुरातच राहिले. इमारतींच्या पायासाठी जमीन तपासून द्यायचं काम करू लागले. होटगी रोडवर, विजापूर रोडवर जिथे म्हणून नवी इमारत उठत होती तिथे दहा मीटरची भोकं पाडायची आणि काळी माती किती, मुरूम किती, पक्का दगड कुठे लागला ते सांगायचं. सोन्याच्या मागे हिंडलेल्या माणसाने मुरूम मोजत बसायचं, याचं मलाच वाईट वाटायचं. त्यांना अजिबात वाटत नव्हतं. बिल्डरला एका ओळीचं उत्तर हवं असायचं आणि सर त्याच्या हातात चार पानी वही ठेवायचे. मी बेळ्ळारीकडे लोखंडाच्या कामावर गेले, लग्न झालं, मुलगी झाली. सुटीला सोलापूरला आले की त्यांच्याकडे जायचे. ते मुलीची चौकशी करायचे, जेवायला बसवायचे. तुटक रेघेचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मी तर नाहीच नाही. तो कागद गुंडाळी करून कपाटावर ठेवलेला असायचा, आणि आम्ही दोघंही तिकडे न बघता चहा प्यायचो.

दोन वर्षांपूर्वी ती जागा एका नव्या कंपनीकडे आली, आणि मी चालू नोकरी सोडून तिकडे अर्ज केला. घरचे म्हणाले, डोकं फिरलंय. मला फक्त तो एक बोअर हवा होता. त्यासाठी तीन बैठकांत भांडले. जागेबरोबर आलेल्या जुन्या वहीतली माझी ती रेघ मारलेली पानं मी स्वतः त्यांच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, ते तीन बोअर का कोरे गेले ते इथे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. पानं वाचता येत होती. पानं फाडली असती तर दाखवायला माझ्याकडे काय होतं? त्या दिवशी सरांवरचा माझा उरलासुरला राग संपला. बोअर मंजूर झाला, तेवढं मी सरांना फोनवर कळवलं. सरांची तुटक रेघ जिथे खाली उतरत होती, तिथेच तो तिला आडवा जाणार होता. दोनशे मीटर ओलांडले आणि एका सकाळी पेटीत गारगोटी आली. करडी, मळकट, दिसायला अगदी गरीब, आणि तिच्या कडेने काळ्या बारीक सुया. मी पाणी मारलं. बघितलं. मग परत मारलं... नमुने प्रयोगशाळेत गेले. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते.

त्याच आठवड्यात सर खूप आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी दोन दिवसांसाठी सोलापूरला आले. पुढच्या खोलीत कॉटवर होते. अंगाने निम्मे झालेले, पण डोळे तेच, दगड वाचणारे. आम्ही उकाड्यावर बोललो, माझ्या मुलीच्या शाळेवर बोललो. काकू आत चहा ठेवायला गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "हितं आलीस, म्हंजी कोअर निघाली व्हय?" मी हो म्हटलं. "नीरू हाकून बघितलंस?" माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. सर, तुमची शीर लागली, तुम्ही दाखवली तिथेच लागली. पण रिपोर्ट आला नव्हता. रिपोर्ट आल्याबगर दगडाचं नाव काढायचं नाही, त्यांच्यापुढेही नाही, हे त्यांनीच तर घातलेलं बंधन. शिवाय कंपनीचा नियम. आणि समजा, मी सांगितलं आणि रिपोर्ट कोरा आला तर? चौथा कोरा बोअर मी त्यांच्या उशाशी कसा नेऊन ठेवणार होते? मी म्हटलं, "हो सर, दोनदा. रिपोर्ट यायचाय." त्यांनी डोळे मिटले. "बरं केलंस," म्हणाले. मग चहा आला.

पुढचं वर लिहिलंच आहे. सर गेले त्याच्या चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. आकडा सांगायची मला परवानगी नाही. सोनं होतं, आणि सरांनी काढलेल्या रेघेपासून जेमतेम चार मीटरवर होतं. तो कागद हातात घेऊन मी शेडच्या पायरीवर बसले आणि मला स्वतःचीच चीड आली. आयुष्यभर नियम पाळायला शिकवणाऱ्या माणसासाठी एकदा नियम मोडायला काय झालं होतं मला? चार दिवस, फक्त चार दिवस. महिनाभर मी काकूंना तोंड दाखवायचं टाळत होते.

शेवटी मागच्या आठवड्यात गेले. काकू खोली आवरत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, काकू, त्यांना हे कळायला हवं होतं, मी सांगितलं नाही. काकूंनी हातातली उशी खाली ठेवली. "अगं, त्येस्नी कळलं हुतं की," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी निघाल्यावर लगेच सरांनी काकूंना कपाटावरची गुंडाळी काढायला लावली होती. नातीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागून घेतलं. पुसताना कागद सरकत होता, म्हणून काकूंनी तो धरला. काय पुसताय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "एक शंका हुती. राजेश्वरीनं दोनदा पाणी मारलंय." आणि काकू मला फोन लावायला निघाल्या, तेव्हा त्यांनी थांबवलं. तिला रिपोर्ट येऊ दे, म्हणाले. आपल्याला कळलंय हे तिला आत्ता कळता कामा नये, तिचा पुढचा दगड बिघडेल.

काकूंनी गुंडाळी माझ्या हातात दिली. आम्ही ती कॉटवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. अखंड रेघ होती तशीच होती. तुटक रेघही तुटकच होती, तिला त्यांनी हात लावला नव्हता. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय अखंड करायची नाही, ही रीत त्यांनी अंथरुणावरही सोडली नाही. फक्त टोकाचं प्रश्नचिन्ह गेलं होतं. तिथला कागद घासून पातळ झालेला, आणि रबराचा चुरा अजून घडीत अडकलेला. मी तो झटकला नाही. काकूंनी विचारलं, ही रेघ आता तू जोडणार का? मी नाही म्हटलं. त्यांच्या हिशेबाने एका बोअरवर रेघ अखंड होत नाही, दोन लागतात. मग आम्ही दोघींनी कागद परत गुंडाळून कपाटावर ठेवला. या वेळी तिकडे बघत बघत चहा प्यायलो.

दुसरा बोअर आता चालू आहे, पहिल्यापासून थोडा उत्तरेला. परवा त्याच्या खोलातल्या पेट्या शेडमध्ये आल्या. त्यात काय निघालं ते मी कुणालाही सांगणार नाही, रिपोर्ट यायचाय. पाणी मात्र मी दोनदा मारलं.